बोळा

कालिम्नोसच्या धक्क्यामागे वखारीत
आम्ही बायका स्पंज कातरतो,
मेंढ्या भादरायच्या कात्रीनं.
कितीही झटका, वाळू निघतच राहते.
जेवतानाही हाताला सोड्याचा वास.

आज एक आला, दोन मुठींएवढा,
पोळ्यासारखा जाळीदार,
आणि त्याला दात लागलेले.
माशाचे नव्हेत. मासा तोडतो.
हा चावून धरलेला होता,
बाळंतीण कळांमध्ये फडकं धरते, तसा.

मुकादम म्हणाला, नोमिकी, तेवढं कातरून टाक,
बाकीचा पहिल्या प्रतीत घाल,
त्रिएस्तेचा माल आहे.

दात कुणाचे, मला ठाऊक होतं.
सासू सांगायची: समोरच्या तेलेंदोस बेटावरची,
ख्रिस्ताच्याही आधीची.
बाप होड्यांना डांबर फासायचा.
ही रात्री कड्यावर उभी राहून तारवांना हाका घालायची,
इकडे खडक, तिकडे खोल.
एकदा समुद्राच्या धन्यानं आपल्यासाठी वाढून घेतलेलं तारू
हिच्या हाकेनं वाचलं.
देव उपाशी उठला पानावरून.

हाका मारायची हौस आहे ना? मार, म्हणाला.

कमरेखाली खवले, गळ्याला कल्ले,
जबडा दोन वीत आणि मिटेल तर शपथ.
ते तिनं सोसलं असतं.
पण तोंडातून जो निघतो
तो ऐकणाऱ्याच्या आईचा आवाज.
ती ओरडते: मागे फिर!
पोराला ऐकू येतं: जेवायला ये.

किती तारवं गेल्यावर तिला उमगलं,
हे सासू सांगायची नाही.
मी कातरता कातरता हिशेब करते.
दहा? शंभर?
आणि उमगल्यावर पहिली रात्र
तिनं कशी काढली असेल?

माझा साकेलारिस सव्विसाव्या वर्षी
बेनगाझीच्या पाण्यातून परतला.
पाय आहेत, चालत नाहीत.
ती बोटींच्या मागोमाग तिथवर जाते, म्हणतो.
तांब्याच्या शिरस्त्राणाच्या काचेतून
डाव्या बाजूला दिसली, हाताच्या अंतरावर.
तोंडात स्पंज कोंबलेले, गालफडं फुगलेली,
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.
तिनं हनुवटी वर उडवली.
आमच्याकडे 'नाही' असंच म्हणतात.
बस, एवढंच. बोट लावलं नाही.
हाच भ्याला, दोर ओढला,
चाळीस हातांवरून एका दमात वर आला.
पाय तिथंच राहिले.

चावडीवर म्हणतात, राक्षसिणीनं खाल्ले.
तो मान वर उडवतो. ते हसतात.

मी तो स्पंज कातरला नाही.
एप्रनखाली दडवून आणला,
आयुष्यातली पहिली चोरी.
रात्री धक्क्याच्या टोकाला गेले, पायऱ्या शेवाळलेल्या.
टाकला तर तरंगायला लागला.
कोरडा स्पंज बुडत नाही,
मलाच ठाऊक नसावं, बत्तीस वर्षं कातरून?
गुडघ्यावर बसून पाण्याखाली दाबून धरला,
पोटभर प्याला, जड झाला,
तेव्हा सोडला.

बाई, तुझं नाव कुणाला माहीत नाही,
नाहीतर नावानं हाक मारली असती.
हा तुझाच आहे, घे.
ईस्टर झाला की सोमवारी बोटी निघतील.
'आयिया पेलायिया'वर माझा मिकेस आहे,
एकोणीस पुरी नाहीत,
भूक लागली की कुणाचंही ऐकतो.
नीट चावून धर.
दुखेल, मला कळतं.
तरी धर.

पाणी हललं की वाराच होता, सांगता येणार नाही.

घरी आले. डाळीचं सूप निवलं होतं.
मिकेस भिंतीकडे तोंड करून झोपलेला.
हाक ओठांवर आली होती.
गिळली.
वाकून त्याच्या खांद्याला
ओला हात लावला.